रिप्लाय नको देऊस, नुसतं वाच

वाचकांचे प्रश्न, ताईची उत्तरं

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की मला अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज येऊन जखमा होतात तो) आहे आणि याच आजाराच्या माझ्या तीन मैत्रिणी आहेत ज्यांना मी आजवर एकदाही समोरासमोर भेटलेले नाही, तरी माझं आतडं आज कसं वागतंय ते नवऱ्याच्या आधी त्यांना कळतं. बस, त्या एका वाक्यावर पत्रंच पत्रं. बहुतेक इंदूरचीच. त्यातली चार घेतली आहेत, नावगाव ओळखू येईल असं सगळं काढून टाकलंय, एकदोन ठिकाणी शब्द कमी केलेत.

ताई, मी सुदामानगरला राहते, वय ४७, र्‍हुमॅटॉइड आर्थ्रायटिसला (सांधे सुजून आखडतात तो) ९ वर्षं झाली. आम्ही चौघी. ओळख झाली डॉक्टरांच्या वेटिंग हॉलमध्ये, साडेतीन तास नंबर येईना, तेव्हा एकीने पर्समधून सेव-परमलचं (शेव-कुरमुऱ्यांचं) पाकीट काढलं आणि ते तिला फाडता येईना, मला येईना, शेवटी तिसरीने दाताने फाडलं आणि ते सगळं परमल चौथीच्या अंगावर! त्या दिवशी जे हसलो तिथून व्हॉट्सअॅपवर ग्रुप झाला, नाव "आखडू मंडळ". सकाळी पहिला मेसेज ठरलेला, "उघडली का?" म्हणजे मूठ. मग कोणी "अर्धी" लिहितं, कोणी "झाकण बंद". मेथोट्रेक्सेट ही आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी, तिचा दिवस म्हणजे गोळीवार, चौघींचे वार वेगळे, एकमेकींना आठवण करतो. ६ वर्षं असं चाललंय. आता झालं असं की आमच्यातली महूवाली, तिला गेल्या वर्षी ते सूज अडवणारं महागडं बायोलॉजिकचं इंजेक्शन सुरू झालं आणि तिला इतका फरक पडला की यंदा रंगपंचमीला ती राजवाड्यावर गेर (रंगांची मिरवणूक) बघायला गेली, गर्दीत, उभी राहून, आणि फोटो टाकले. मला तेच इंजेक्शन तीन महिने देऊन बंद केलं होतं, काही उपयोग झाला नव्हता. फोटो बघितले आणि माझ्या पोटात कसंतरी झालं. मी काहीच लिहिलं नाही. बाकी दोघींनी पण नाही. दोन दिवसांनी तिने विचारलं, "मी आता मंडळात राहू ना?" त्याला पण आज आठ दिवस झाले, कोणी उत्तर दिलेलं नाही. मी वाईट मैत्रीण आहे का हो? आणि सासूबाई म्हणतात, दुखणाइतांच्या गप्पा ऐकून ऐकूनच तू जास्त दुखणाईत होतेस. त्यांचं बरोबर आहे का? अजून एक, देवासवालीला कोणीतरी सांगितलं की गोळ्या बंद करून गुळवेल घे, ती ग्रुपवर विचारत होती, एकजण म्हणाली मी तर मनानेच गोळी अर्धी केलीय. मी गप्प बसले.

बाई गं, पत्र वाचून आधी हसले मग गप्प झाले. आखडू मंडळ! ज्यांची मूठ उघडत नाही त्यांनीच स्वतःला आखडू म्हणायचं, हे सुचायला ९ वर्षं दुखणं काढलेलं असावं लागतं.

वाईट मैत्रीण नाहीस. पण आठ दिवस फार झाले.

माझंच सांगते. माझ्या त्या तिघींपैकी ठाण्याची जी आहे तिचं मोठं आतडं ऑपरेशन करून काढलं, पोटावर पिशवी आली, आणि सहा महिन्यांत ती आमच्यापेक्षा धडधाकट. कोलायटिस राहतो मोठ्या आतड्यात, तेच काढलं तर रक्त जाणं, रात्री सात सात वेळा उठणं, ते संपलं. पिशवीचे त्रास वेगळे आहेत, ते ती सांगतेच. पण ती चक्क लोकलने फिरायला लागली, आणि मी इथे घराबाहेर पडताना अजून पहिल्यांदा हाच विचार करते की रस्त्यात टॉयलेट कुठे कुठे आहे (२०१७ पासून इंदूर स्वच्छतेत एक नंबर, त्याचा सगळ्यात जास्त आनंद कोणाला झाला असेल तर आम्हा कोलायटिसवाल्यांना, पण ते जाऊ दे). तर तिने लोकलमधला सेल्फी टाकला आणि मी अकरा दिवस काही लिहिलं नाही. अकरा हा आकडा मला माहीत नव्हता, तिने दोन वर्षांनी सांगितला. मोजत होती ती.

म्हणून म्हणते, आजच लिही. आणि खोटं गोड लिहू नकोस, "वा वा किती छान" असलं तुमच्यात चालणारच नाही, सहा वर्षं एकमेकींच्या मुठी मोजल्यात तुम्ही, तिला लगेच कळेल. खरं ते लिही. "फोटो बघून आनंद झाला आणि पोटात कळ पण आली, दोन्ही झालं, म्हणून गप्प होते, तू कुठे जाऊ नकोस." एवढंच. टाइप होत नसेल तर बोलून पाठव.

आणि इंजेक्शनचं मनातून काढून टाक की तिला लागू पडलं म्हणजे तिने काही जास्त चांगलं केलं आणि तू कुठे कमी पडलीस. आजाराचं नाव एक असलं तरी प्रत्येकीच्या शरीरात सूज चालू ठेवणारी गोष्ट तीच असेल असं नाही, म्हणून तर ही इंजेक्शनं वेगवेगळ्या प्रकारची असतात, एक एका ठिकाणी काम अडवतं, दुसरं दुसऱ्या ठिकाणी, आणि पहिलं चाललं नाही तर डॉक्टर दुसरं बघतात, काहींना दुसऱ्या-तिसऱ्याला जाऊन फरक पडतो. तुझ्या डॉक्टरांना पुढच्या वेळी सरळ विचार की पहिलं बंद केल्यावर आता काय पर्याय आहे. खर्चाचं पण तिथेच विचार, लाजू नकोस.

महूवालीचं बघ. ती बरी झाली म्हणजे तिचा आजार गेला असं नाहीये, दबलाय. औषध चालूच राहणार, मधे पुन्हा उसळू पण शकतो. (हे तिला आत्ता ऐकवायचं नाही हं! सहा वर्षांत पहिल्यांदा गेर बघून आलीय ती.) पण तुला कळायला सांगते की तिने "राहू ना?" का विचारलं. सकाळी तुम्ही "अर्धी", "झाकण बंद" लिहिता तेव्हा ती काय लिहिणार, "पूर्ण उघडली"? ते तिला मिरवल्यासारखं वाटत असणार, म्हणून ती सकाळी गप्प, आणि एकदम फोटोच टाकते. तिला सांग की रोज लिहायचं, पूर्ण तर पूर्ण. आणि ज्याची मूठ उघडतेय त्याच्याकडे एक काम द्यावं, आमच्याकडे ठाणेवालीकडे रिपोर्ट वाचून दाखवायचं आहे, तुमच्याकडे महूवालीने तुमच्यातली कोणी अॅडमिट असेल तर डबा पोचवावा.

सासूबाई अर्ध्या बरोबर आहेत. रागावू नकोस. मी एक बघत असते, फोन खाली ठेवल्यावर छाती हलकी वाटते की जड. परमलच्या पाकिटावर हसून ठेवला तर हलकी. रात्री साडेअकराला तेच ते, त्याच सांध्याचं, त्याच जावेचं, एक तास उगाळलं तर जड, आणि झोप पण जाते, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी दुखणं जास्त, हे तुला मी सांगायला नको. आमच्यात दहानंतर रिपोर्ट टाकायचे नाहीत आणि गूगल केलेलं काही टाकायचं नाही असं आहे, रडायला मात्र कधीही परवानगी. बाकी सासूबाईंना एकदा ती पाकिटाची गोष्ट सांग. नर्मदेचा नळ आल्यावर बादली कोण उचलतं तुमच्याकडे? त्याच उचलत असतील. मग त्यांना तुझं दुखणं माहीत आहेच, फक्त तुमचं हसणं माहीत नाही.

आता गुळवेल. इथे गप्प बसायचं नाही. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, हे तुम्ही गोळीवार पाळता म्हणजे तुम्हाला पक्कं माहीत आहे, चुकून रोज घेतली गेली तर माणूस दगावू शकतो, म्हणून वारांची आठवण करणं हे तुमच्या मंडळाचं फार मोठं काम आहे, करत राहा. पण अर्धी करायची की बंद करायची हे मंडळ ठरवणार नाही. गुळवेल प्रतिकारशक्ती वाढवते म्हणून घेतात, आणि तुमच्या आजारात प्रतिकारशक्तीच तर आपल्याच सांध्यांवर उलटलेली आहे! शिवाय गुळवेलीने लिव्हरला इजा झालेले पेशंट आपल्या देशातल्या डॉक्टरांनी नोंदवलेत, आणि मेथोट्रेक्सेटसाठी तुमची लिव्हरची तपासणी आधीच दर काही महिन्यांनी होत असते. अर्धी करणारीला विचार की का केली. बहुतेक मळमळ असेल नाहीतर तोंड येत असेल, त्याला फॉलिक अॅसिड आहे, गोळीऐवजी इंजेक्शन आहे, डॉक्टरांना सांगितलं तर मार्ग निघतो. "मला असं झालं" हे कितीही लिहा, "तू असं कर" आलं की कोणीतरी थांबवायचं. यावेळी तू.

नमस्कार ताई. आमचा शाळेपासूनचा ग्रुप, सगळे पन्नाशीचे, एक मित्र गेल्या दिवाळीपासून डायलिसिसवर. मी रोज त्याला मेसेज करतो, कसा आहेस, जेवलास का, आज कसं वाटतंय. निळी टिक येते, उत्तर नाही. कधी चार दिवसांनी एक अंगठा. आम्ही त्याला खूश करायला सराफ्यातले, छप्पन दुकानचे खाण्याचे फोटो पाठवतो, पूर्वी तोच आम्हाला रात्री बाराला सराफ्यात न्यायचा. त्याला आमचा राग आलाय का? की मेसेज बंद करू?

भाऊ, बंद करू नका. प्रश्न बंद करा.

तुमचे तिन्ही मेसेज प्रश्न आहेत. "आज कसं वाटतंय" याचं खरं उत्तर त्याला रोज द्यायचं झालं तर ते रोज तेच आहे आणि वाईट आहे, आणि खोटं द्यायला पण ताकद लागते. विचारपूस करता करता आपण उत्तराची वसुली करायला लागतो, हे आपल्याला कळत पण नाही, हप्ता थकल्यासारखं. मला माझ्या वाईट दिवसांत एका मैत्रिणीने लिहिलं होतं, "रिप्लाय नको देऊस, नुसतं वाच", आणि खाली त्यांच्या सोसायटीच्या कुत्र्याने मीटिंगमध्ये येऊन सेक्रेटरीची चप्पल कशी पळवली ते सगळं. पाच मिनिटांचं वाचन. मी उत्तर दिलंच नाही. ती मात्र तसलं लिहीत राहिली, महिनाभर, आणि मी रोज दुपारी वाट बघायचे.

त्याचा दिवस कसा जातो बघा. डायलिसिस साधारण आठवड्यातून तीनदा, एका वेळी चार तासांच्या आसपास. ज्या हातात फिस्चुला (डायलिसिससाठी ऑपरेशन करून जोडलेल्या रक्तवाहिन्या) केलेला असतो त्यात दोन सुया, तो हात हलवायचा नाही, म्हणजे एका हाताने टाइप करायचं. थंडी वाजते, शेवटी शेवटी पायात गोळे येतात, बीपी उतरतं, आणि घरी आल्यावर माणूस धुतलेल्या फडक्यासारखा पडतो. आणि तुमचा मेसेज बरोबर तेव्हा येतो, जेवलास का. त्याच्या डायलिसिसचे वार आणि वेळ वहिनींना विचारून घ्या आणि दुसऱ्या तासाच्या सुमाराला, तो छताकडे बघत पडलेला असतो तेव्हा, एक व्हॉइस नोट टाका, शाळेतल्या कुठल्या मास्तरांची, कोणाच्या मुलाच्या लग्नातल्या फजितीची. वर सांगायचं, उत्तर नको. त्याच्या कानात हेडफोन असेल, हात लागत नाही.

आणि ते सराफ्याचे फोटो, अहो! त्याला दिवसाचं पाणी मोजून आहे, तहान लागली तर बर्फाचा खडा चघळत असेल, आणि तुम्ही शिकंजी दाखवताय. गराडू (तळलेला कंद), बटाटा, टोमॅटो, केळं, सगळ्यात पोटॅशियम, किडनी ते बाहेर टाकू शकत नाही, फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून त्याला बंद किंवा मोजून. आजाऱ्याकडे जाताना आपण हमखास नारळपाणी नेतो, ते पण त्याला नको. तरी फोटो एकदम बंद केलेत तर तेही त्याला कळेल, की आता मला वगळून जातात. मी म्हणेन, तुम्हीच विचारा त्याला, हा एकच प्रश्न माफ आहे: "सराफ्याचे फोटो पाठवू की शिव्या देशील?" काही जणांना खरंच बघायचे असतात. उत्तर अंगठा आला तरी कोणता अंगठा आलाय ते बघा.

भेटायला गेलात तर त्या फिस्चुलाच्या हाताला धरून उठवायला जाऊ नका.

ताई मी २१ वर्षांची आहे, मला टाइप वन डायबिटीस आहे ११ व्या वर्षापासून. माझी एक फ्रेंड वडोदऱ्याची, तिला पण टाइप वन, आम्ही कधी भेटलो नाही पण रोज रात्री बोलतो, शुगरचे आकडे एकमेकींना पाठवतो, हायपो झाला, म्हणजे शुगर फार उतरली, तर आधी तिला सांगते. मागच्या आठवड्यात तिने रात्री दोनला लिहिलं की कंटाळा आलाय, दोन दिवसांपासून इन्शुलिन नीट घेत नाहीये, घ्यायचं पण नाहीये, कोणाला सांगू नकोस. मग दुसऱ्या दिवशी म्हणाली ठीक आहे आता. तिने शपथ घातली होती म्हणून कोणाला सांगितलं नाही. बरोबर केलं ना?

बेटा, तुला फोनच केला मी हे पत्र आल्या आल्या, संपादकांकडून नंबर घेऊन, पण इतरांसाठी इथेही लिहिते.

वर त्या काकांना म्हटलं की उत्तर मागू नका. इथे उलट. इथे उत्तर येईपर्यंत सोडायचं नाही.

तुला माहीतच आहे पण वाचणाऱ्यांना सांगते, टाइप वनमध्ये शरीर स्वतःचं इन्शुलिन जवळजवळ बनवतच नाही, १९२२ मध्ये पहिल्यांदा माणसाला इन्शुलिन दिलं गेलं, त्याच्या आधी ही मुलं जगत नव्हती. बंद केलं तर एकदोन दिवसांत, कधी त्याच्या आतही, कीटोअॅसिडोसिस, म्हणजे रक्तात आम्ल साठत जातं. खूप तहान, उलट्या, पोटात दुखणं, खोल खोल जोरात श्वास, तोंडाला फळांसारखा वास, मग गुंगी. हे घरी बसून बघायचं दुखणं नाही, लगेच हॉस्पिटल, १०८ ला फोन. तेव्हा "कंटाळा आलाय, घ्यायचं नाहीये" याचा अर्थ कंटाळा एवढाच होत नाही.

अशी शपथ मोडायची. ती रागावेल, महिनाभर बोलणार नाही कदाचित. मोडायची. आणि मोडायला तुझ्याकडे काही असायला हवं ना, तुला तिचा पत्ता माहीत नाही, आईचा नंबर माहीत नाही, वडोदऱ्यात कुठे, रावपुऱ्यात की मांजलपूरला, काही नाही, रात्री दोनला तू इंदुरात बसून काय करणार होतीस? म्हणून चांगला दिवस बघून, दोघींच्या शुगर बऱ्या असताना, एकमेकींना घरातल्या एका माणसाचा नंबर, पत्ता आणि डॉक्टरांचं नाव देऊन टाका. तू आधी दे. आणि तिला विचार, सरळ शब्दात, की जीव द्यायचा विचार येतो का मनात. विचारल्याने तो विचार मनात घातला जातो अशी भीती असते लोकांना, तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. मनाच्या त्रासासाठी टेली मानस हेल्पलाइनचा नंबर १४४१६, सरकारी आहे, फुकट, चोवीस तास, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, बऱ्याच भाषांतून बोलतात. तिला दे. तू पण तिथे बोलू शकतेस, मैत्रिणीसाठी फोन केलाय म्हणून सांगायचं.

दहा वर्षं रोज सुया टोचून, आकडे मोजून कंटाळा येतोच, तुलाही येत असेल, डॉक्टर लोकांकडे त्याला नावसुद्धा आहे, डायबिटीस डिस्ट्रेस. तुझ्या पत्रात स्वतःबद्दल तू एक ओळ पण लिहिली नाहीस. परत फोन करणार आहे मी रविवारी.

सौ. ताईंस, आमच्या ह्यांना पार्किन्सन आहे, वय ७४. नोकरी सगळी ग्वाल्हेरला झाली, मित्र सगळे तिकडेच, लष्कर भागात. पत्र लिहायचे तर आता अक्षर मुंगीएवढं होतं, फोनवर बोलले तर मित्र म्हणतात काही ऐकू येत नाही, मोठ्याने बोल. व्हिडिओवर हे हसत नाहीत म्हणून मित्रांना वाटतं रागावले. मग हे बोलायचंच टाळतात. नातीने व्हॉइस नोट शिकवलीय पण हे म्हणतात माझा आवाज कोण ऐकणार.

काकू, तिन्ही गोष्टी आजाराच्याच आहेत, अक्षर बारीक होणं, आवाज खाली जाणं, चेहऱ्याचे स्नायू आखडून हसू न दिसणं, आणि मजा म्हणजे पेशंटला स्वतःला वाटत असतं की आपण व्यवस्थित मोठ्याने बोलतोय. हे मित्रांना एकदा तुम्हीच लिहून टाका, त्यांचे गैरसमज दोन ओळीत जातील. स्पीच थेरपिस्ट अशा पेशंटकडून मोठ्याने, मुद्दाम ओरडल्यासारखं बोलायचाच सराव करून घेतात, तेव्हा एकदा दाखवा, आणि बाकीचे दिवस व्हॉइस नोट म्हणजे तोच सराव समजा, फुकटात. काकांना सांगा, दोन मिनिटं, उभं राहून किंवा ताठ बसून, श्वास भरून. गोळी घेतल्यावर तासाभराने करा, तेव्हा जरा मोकळं असतं शरीर. चुकलं तर पुसून परत, फोनवर हे एक बरं आहे.

आणि ते बाहेरच्या खोलीत बोलत असताना तुम्ही स्वयंपाकघरात उभ्या राहा. तिथपर्यंत आवाज आला की मग ग्वाल्हेरला पाठवा.